गेमच्या मशीनमधली नऊ गाणी

मंगळवार, ६ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.५०

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून गेमचं मशीन उघडत होतो. बाहेरचे सहा स्क्रू — चार रबरी पायांखाली, दोन स्टिकरखाली. अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले, प्रत्येक खाचेवर नंबर टाकून. आई म्हणाली, "मग अंडी कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

मशीन बारा वर्षं आपल्याकडे आहे. पंखा ओरडतो. आतली हार्ड डिस्क मधूनच टक्-टक् करते. आठ जीबी फक्त! ती काढून पाचशे जीबीची बसवायची, शांत पंखा लावायचा, आणि गेमच्या सगळ्या सीडी एकदाच आत कॉपी करून टाकायच्या. दोन महिने वाचतोय. वहीत सतरा पायऱ्यांची यादी केली आहे.

झाकण उचलण्याआधी एकदा चालू करून पाहिलं, सगळं नीट आहे ना म्हणून. मेनूत ‘संगीत’ असा एक खाना आहे. सहज गेलो. आत एकच नाव — ‘ताई’. खाली नऊ गाणी.

मी साफ विसरलो होतो!

ह्या मशीनमध्ये गाण्यांची सीडी घातली की ती आत उतरवून घेता येते, मग गाड्यांच्या शर्यतीमागे कंपनीच्या गाण्यांऐवजी आपली वाजतात. मी अकरा वर्षांचा होतो. ताई तेव्हा चौघांच्या ऑर्केस्ट्रात गायची, त्यांनी एका हॉलमध्ये दोन दिवस बसून सीडी केली होती. मी ती आत उतरवली आणि ताईच्या आवाजावर महिनाभर गाड्या ठोकल्या. त्या सीडी तेव्हा पंधरा-वीस निघाल्या असतील. आज एकही नाही. ऑर्केस्ट्रावाले चार दिशांना गेले, ताईने दोन वर्षांपूर्वी सगळ्यांना फोन करून पाहिलं होतं. कुणाकडेच नाही.

म्हणजे जगात ही नऊ गाणी ह्या टक्-टक् करणाऱ्या डिस्कवर आहेत. आणखी कुठेही नाहीत.

सहाही स्क्रू परत घट्ट केले.

बुधवार, ७ फेब्रुवारी. रात्री ८.३०

जेवताना सांगितलं. सांगायला नको होतं का? कळत नाही.

ताईचा घास हातातच राहिला. गळ्यातली गाठ काढली त्याला आता दोन वर्षं होतील. तेव्हापासून आवाज घोगरा. डॉक्टर म्हणाले होते, "बोलायला काही अडचण नाही, गाण्याचं मात्र विसरा." तिने खरंच विसरून दाखवलं. रेडिओवर गाणं लागलं की उठून बंद करते. पडद्यांच्या दुकानात शिवणयंत्रावर बसते, तिथे दिवसभर नुसता घरघराट, तिला तेच बरं वाटतं म्हणे.

"चालतात?" तिने विचारलं.

"यादीत दिसतात."

"मग लाव ना."

मी म्हणालो, आत्ता नको. डिस्क आजारी आहे, एकदा लावली आणि तिथेच बसली तर? आधी नीट काढून घेतो. रविवारी मोठ्या स्पीकरवर ऐकवतो, स्वच्छ.

"एक गाणं, मोजपट्टी." (मी सगळं मोजतो म्हणून हे नाव. आता गल्लीतही तेच.)

"रविवारी."

"बरं. रविवारी."

ती ताट उचलून गेल्यावर आई हळूच म्हणाली, "कशाला उकरतोयस? आत्ता कुठे सावरतेय ती. ते ऐकून परत महिनाभर उशीत तोंड खुपसून बसली तर तू येणार आहेस समजूत काढायला?"

मी म्हणालो, पण तिनेच मागितलं ना!

"मागणारच. जखमेवरची खपली माणूस स्वतःच काढतं. आपण हात धरायचा असतो."

शुक्रवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ७.१५

कामावर जायच्या आधी लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात घोळणार नाही.

ह्या मशीनची गंमत अशी: डिस्क कुलूपबंद असते. किल्ली बोर्डावर, एका चिपमध्ये. मशीन चालू होताना बोर्ड किल्ली देतो, डिस्क उघडते. ही डिस्क काढून नुसती कॉम्प्युटरला लावली तर ती विटेसारखी — काहीच देत नाही. म्हणून पायरी क्रमांक एक: किल्लीची प्रत काढणे.

काल संध्याकाळी काढली. मेनूतून एक बटण दाबायचं, तीन सेकंदांत ‘प्रत जतन झाली’. वहीत बरोबरची खूण केली. पायरी दोन: बोर्डावरच्या घड्याळासाठी वीज साठवणारा कपॅसिटर काढणे. (‘कपॅसिटर’ असंच लिहायचं. मी कामाला आहे त्या दुरुस्तीच्या दुकानाच्या पाटीवर ‘कपासीटर’ आहे. मालकांना दोनदा सांगितलं. "गिऱ्हाईक वाचायला येतं का रे? दुरुस्तीला येतं!") हा कपॅसिटर जुना झाला की फुटतो आणि त्यातून निघणारं पाणी बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खातं.

आमचा फुटलेलाच होता. आजूबाजूला हिरवट-तपकिरी डाग. दोन रेघा अर्ध्या खाल्लेल्या!

आता प्रश्न. गाणी आधी काढायची की बोर्ड आधी साफ करायचा? अख्खी डिस्क कॉपी करायला चार तास लागतील. सडत्या बोर्डावर चार तास मशीन चालवायचं आणि मध्येच गेलं तर? रात्रभर दोन्ही बाजू लिहून काढल्या. आधी बोर्ड.

शनिवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळी ५.००

कपॅसिटर काढला. स्पिरिट आणि मऊ ब्रशने डाग घासले. मग बोर्ड शुद्ध पाण्याने धुतला. टॉवेलवर उभा ठेवलाय, खिडकीपासून लांब. पायरी सहा: चोवीस तास सुकवणे. माझ्या अक्षरात, खाली दोन रेघा मारून.

ताई येता-जाता बघते. "अंघोळ झाली का त्याची?"

रविवार, ११ फेब्रुवारी. दुपारी १.४०

गेला.

रविवार, संध्याकाळी ६.१५

नीट लिहितो.

सकाळी अकराला ताईने केस धुतले, बाहेरची खोली झाडली, स्पीकरवरची धूळ पुसली. खुर्ची स्पीकरसमोर ओढून ठेवली आणि त्या खुर्चीवर न बसता स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत राहिली. मी घड्याळ पाहत होतो. चोवीस तास व्हायला संध्याकाळचे पाच. साडेबाराला तिने दारातून विचारलं, "आज रविवारच आहे ना?"

एवढंच.

मी बोर्डाला हात लावून पाहिला, कोरडा वाटला. केस वाळवायचा ड्रायर फिरवला. मशीन जोडलं. बटण दाबलं. पंखा अर्धा वळला. बारीक ‘टिच्’ असा आवाज, मग जळक्या मासळीसारखा वास. बोर्ड वीज घेतो तिथे एका मोठ्या चिपखाली पाणी राहिलं होतं. वरून दिसलंच नाही.

नंतर वीस वेळा बटण दाबलं. वीस. मोजलं.

ताईला म्हणालो, अजून सुकतंय.

सोमवार, १२ फेब्रुवारी. सकाळी ६.३०

किल्लीची प्रत आहे. बोर्ड मेला तरी हरकत नाही. डिस्क कॉम्प्युटरला लावायची, किल्ली द्यायची, गाणी काढायची. घाबरायचं कारण नाही. संध्याकाळी करतो.

सोमवार, संध्याकाळी ७.२०

प्रत कुठे जतन झाली हे मी पाहिलंच नव्हतं.

ती त्याच डिस्कवर आहे. बटण दाबलं की मशीन प्रत आपल्याच डिस्कवर ठेवतं, आणि ती तिथून केबलने कॉम्प्युटरवर आणायची असते. सगळीकडे लिहिलंय! मीही वाचलं होतं! पण ‘प्रत जतन झाली’ दिसलं आणि वहीत खूण केली, आणि एकदा खूण केली की माझ्या डोक्यातून ती गोष्ट जाते. वह्या ह्यासाठीच ठेवतो ना मी. म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवून दार लावून घेतलं, वर ‘काम चोख’ म्हणून सही केली.

शाळा अकरावीत सोडली ती ह्याच कारणाने. पेपरमध्ये पहिले दोन प्रश्न मोत्यासारख्या अक्षरात लिहायचो, चार वेळा तपासायचो, आणि उरलेले पाच कोरे.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

ताई: "अजून सुकतंय? एवढ्यात माझे पडदे तीनदा वाळले असते."

हसलो. हसता आलं ह्याचीच लाज वाटतेय.

बुधवार, १४ फेब्रुवारी. दुपारी २.१०, दुकानात

मालकांना सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ते पोटभर हसले. मग चष्मा वर सरकवून बोर्ड हातात घेतला, आणि हसणं थांबलं.

"मुख्य भाग जळलाय. पण किल्ली कुठल्या चिपमध्ये असते म्हणालास?"

दाखवली. आठ पायांची, मसुराच्या डाळीएवढी. जळलेल्या जागेपासून चार बोटं लांब.

"ही कुठे मेलीय? शेजारचं घर जळलं म्हणून हिच्या कपाटातलं जळत नाही. काढ. आपल्या रीडरवर लाव. वाच."

मी म्हणालो, दुकानाचा रीडर घरच्या कामाला?

"नाही देणार म्हटलं तर आठवडाभर हे तोंड मला बघायला लागेल, इंजिनिअर साहेब. घे."

पण ही चिप काढताना जास्त तापली तर आतलं सगळं जाईल. एखादा पाय बोर्डावरच तुटून राहिला तरी तेच. माझे हात बघितले. थरथरत होते. मालकांचे हात गेल्या वर्षापासून माझ्याहून जास्त थरथरतात, म्हणून तर मला ठेवलंय.

गुरुवार, १५ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.४५

ताईला खरं सांगितलं. ती पडद्याची किनार दुमडत होती. बोर्ड मेला, किल्ली अडकली, चूक माझी, रविवारी खोटं बोललो — सगळं, क्रमाने.

वाटलं होतं ओरडेल. ओरडता येत नाही तिला, पण कात्री तरी आपटेल.

"बरं," म्हणाली. आणि किनार दुमडत राहिली. चार बोटं, टाचणी. चार बोटं, टाचणी.

थोड्या वेळाने, वर न बघता — "पहिलं गाणं कुठलं होतं रे? मला क्रमच आठवत नाहीये."

मलाही आठवेना.

आई ओट्याशी उभी होती. नंतर मला म्हणाली, "झालं ते बरंच झालं." पण माझ्याकडे पाठ करून म्हणाली.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी. रात्री ८.००

खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो होतो. साठीचे आहेत, डोळ्याला भिंग लावून डास शिंकेल एवढ्या जागेत काम करतात. म्हणालो, काका, तुम्ही काढा.

"मी? मला ह्यातलं काय कळतंय राजा! उद्या माझ्या नावाने खडे फोडशील." मग माझ्या हातांकडे बघून, "बस. पण हात कसा धरायचा ते दाखवतो."

त्यांनी मला अर्धा तास नुसतं बसवलं. कोपर टेबलावर नाही — मनगट टेबलाच्या कडेवर. करंगळी कामाला टेकलेली, म्हणजे हात हलला तर काम आणि हात दोन्ही एकत्र हलतात. श्वास सोडायचा, आणि सोडून झाल्यावर जी जराशी रिकामी जागा असते तेवढ्यातच काम करायचं. बस. श्वास घेताना हात वर.

"आणि दुपारचं जेवलायस का?"

नव्हतो जेवलो.

"मग हात नाचणारच! घड्याळसुद्धा किल्ली दिल्याशिवाय चालत नाही." दोन बिस्किटं आणि चहा. मग एका निकामी बोर्डावरच्या तीन चिपा काढायला लावल्या. पहिलीचे दोन पाय मोडले. दुसरीचा एक. तिसरी सरळ आली.

"आता घरी जा, झोप. आज चौथी काढायची नाही. मला ठाऊक आहे तुला काढायची आहे."

शनिवार, १७ फेब्रुवारी. दुपारी ३.३०, दुकानात

काढली. एका बाजूचे चार पाय, मग दुसऱ्या बाजूचे चार. अकरा श्वास लागले. एकही पाय मोडला नाही!!

रीडरवर लावली. वाच म्हटलं. पडद्यावर ओळीमागून ओळ — सगळीकडे एकच अक्षर. कोरी. धुऊन निघाल्यासारखी.

मी खुर्चीवर मागे टेकलो. मालक गिऱ्हाइकाला मोबाइलचं कव्हर दाखवत होते, तिथूनच म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

म्हणालो, कोरी आहे.

"पाय टेकलेत का सगळे?"

भिंगातून पाहिलं. चौथा पाय केसभर वर होता. केसभर! श्वास सोडून चिमट्याने दाबला. पुन्हा वाच.

आकडे आले. वेगवेगळे, खिचडीसारखे, सुंदर! पाच वेळा वाचले, पाचही वेळा तेच. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर, एक मालकांच्या कॉम्प्युटरवर. आणि एक हाताने वहीत उतरवून काढली, दोनशे छप्पन्न जोड्या. मालक म्हणाले, "आता दगडावर कोरून घे." प्रत्येक ठिकाणची प्रत उघडून, डोळ्यांनी पाहून, मगच खूण केली.

शनिवार, रात्री ९.००

डिस्क उघडली.

कॉपी लावली. पहिली चार गाणी पाच मिनिटांत आली. पाचव्यावर टक्-टक्-टक्. थांबलो. तासभर थंड होऊ दिली, आडवी होती ती उभी ठेवली. पाचवं आलं. सहावं. सातव्याला चाळीस मिनिटं लागली. आठवं अर्ध्यावर थांबलं — अर्धं तर अर्धं. नवव्याला डिस्कने एक लांब सुस्कारा टाकला आणि फिरायची बंद झाली.

साडेसात गाणी.

ऐकली नाहीत. फक्त पहिलं बरोबर उघडतं का ते पाहायला दोन सेकंद लावलं. कुणीतरी "एक, दोन, तीन" म्हणतं, ढोलकीवर थाप पडते — तिथे बंद केलं. पुढचं पहिल्यांदा ताईनेच ऐकायला हवं.

तिच्या खोलीचा दिवा चालू होता. दारातून म्हणालो, सात आहेत. आणि अर्धं.

"उद्या," ती म्हणाली. "आत्ता नको." मग — "मोजपट्टी, दार ओढून घे."

आई अजून जागी आहे. ताईच्या खोलीच्या भिंतीला लागून चटईवर बसलीय. मला म्हणाली, "उद्या तिला काही झालं तर मी तुझं ते मशीन खिडकीतून टाकीन." मी म्हणालो, टाक. खरंच म्हणालो. तिच्या चेहऱ्यावर जे व्हायचंय ते मला वहीत आधी लिहून ठेवता येत नाही, ह्याची भीती वाटते.

रविवार, १८ फेब्रुवारी. दुपारी १२.२०

ऐकलं. पहिलं गाणं संपेपर्यंत ताईने पापणी हलवली नाही. आई दारात, पदर तोंडाशी. मी स्पीकरच्या मागे, म्हणजे मला कुणी दिसू नये.

दुसऱ्याच्या मध्यावर ताई म्हणाली, "थांबव. मागे घे." घेतलं. "परत मागे." पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा ती जागा आली तशी ती खुर्चीतून उठलीच —

"अरे, मी वर जातच नाहीये! ऐक, ऐक — इथे! इथेही! दर वेळी खालीच राहतेय! बेसूर! कुणी सांगितलं कसं नाही मला?"

आणि हसायला लागली. घोगरं, खोकल्यासारखं, पोट धरून. "ह्याच्यासाठी मी दोन वर्षं रडले? आई, ह्याच्यासाठी?"

आई म्हणाली, "आम्हाला तर बाई छान वाटायचं."

आता ओट्याशी भांडी लावतेय आणि तेच गाणं म्हणतेय. मोठ्याने. मी इथे बाहेर बसून ऐकतोय. ती जागा आली की थांबते, "हं," म्हणते, आणि पुन्हा मागून सुरू करते. वरचा सूर अजूनही लागत नाही.